निळा-हिरवा डबा ठेवूनही सगळं मिक्सच, डबे बदलून काही फायदा होतो का?

मनीषनगर_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची नागपुरात मनीषनगरला छोटी सोसायटी आहे, लिफ्टजवळ ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा असे दोन मोठे डबे ठेवले आहेत, ग्रुपवर मेसेज टाकून झाले, भिंतीवर पोस्टर लावून झालं, तरी निळ्या डब्यात काय निघते तर तर्रीने भिजलेले पुठ्ठे, संत्र्याची सालं, डायपर, आणि खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) प्लास्टिक पन्न्या तर विचारूच नका. कबाडीवाला सरळ म्हणतो की ओला पुठ्ठा मी उचलणार नाही, पुढे माझा कोणी घेत नाही. आता मीटिंगमधे दंड लावायचा विषय निघाला आहे, मला ते नुसतं भांडणाला आमंत्रण वाटते. एक जण म्हणे डब्याचं डिझाईन बदला, लोक आपोआप बरोबर टाकतात. खरंच असं होते का? बजेट फार नाही.

कॅन्टीनवाला_धरमपेठ
होते. डबा नका बदलू, झाकण बदला. तुमचा निळा डबा वरून पूर्ण उघडा असणार, म्हणजे त्यात काहीही जाते. आमच्या कॅन्टीनमधे बाटल्यांच्या डब्याला गोल भोक असलेलं झाकण बसवलं आणि कागदाच्या डब्याला लांब फट, बस. माणूस कचरा टाकताना फोनवर बोलत असतो, तो पोस्टर कशाला वाचेल, पण उष्टी प्लेट भोकात जात नाही म्हटल्यावर हात थांबतो आणि मग तो बाजूला बघतो. यावर अभ्यासही झाला आहे, अमेरिकेतले शॉन डफी आणि मिशेल व्हर्जेस यांचा, २००९ चा. अशी खास झाकणं लावल्यावर बाटल्या-कॅन रिसायकलला जायचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि त्यात पडणारा नको तो कचरा ९५ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे घरचा ओला कचरा पन्नीत बांधून येतो, त्यामुळे एवढा आकडा धरून चालू नका, पण फरक डोळ्याला दिसतो.

इतवारीकर
काहून डोक्याला ताप करून घेता भाऊ, तुम्ही इथं वेगळं करा न तिकडं गाडीत सगळं एकावर एक, आमच्या गल्लीत रोज पाहून राहिलो. शेवटी भांडेवाडीच्या कचरा डेपोतच जाते सगळं. झाकणाले भोक पाडून का होणार?

कॅन्टीनवाला_धरमपेठ
@इतवारीकर अहो पण सुका कचरा गाडीत द्यायचाच कशाला? बाटल्या, पुठ्ठे, रद्दी हे कबाडीवाला दारातून नेतो, वरून पैसे देतो, अट एकच की माल कोरडा पाहिजे. कागद एकदा तेल प्यायला की धुवून निघत नाही, आणि एक तर्रीवाली पन्नी फुटली की तिच्याखालचे सगळे पुठ्ठे गेले कामातून.

फॅसिलिटीवाली
मी बिल्डिंग मेंटेनन्सचंच काम बघते म्हणून थोडं मोठं लिहिते. निळ्याचं भोक लहान करताय तर हिरवा डबा त्याला अगदी चिकटून ठेवा, हातभरसुद्धा लांब नको. एकटा डबा कुठेही ठेवा, मग गेटजवळ असो की टेरेसच्या जिन्यात, त्यात सगळंच पडते, कारण दुसरा शोधायला कोणी जात नाही. हिरव्याला हाताने उचलायचं झाकण देऊ नका, त्या चिकट झाकणाला कोणी हात लावत नाही, पन्नी वरच ठेवून निघून जातात न मग कुत्री ओढतात. पायाने उघडणारा घ्या, पण पेडल लोखंडाचं बघा, प्लास्टिकचं टिकत नाही. आणि डायपर-पॅडसाठी तिसरा छोटा झाकणाचा डबा ठेवाच, पॅड-डायपर नीट गुंडाळून द्यायचे हे तर २०१६ च्या घनकचरा नियमातही होतं. तिसरी जागाच नसेल तर बाई ते कुठे टाकणार, निळ्यातच ना. आमच्या सफाईवाल्या मावशींना हाताने ते वेगळं करावं लागायचं, ते कोणाच्या लक्षातच येत नाही. अजून एक, पोस्टरवर नुसतं ‘सुका कचरा’ लिहू नका. तुमच्याच बिल्डिंगमधे जे निघते त्याचे फोटो लावा, दुधाची पिशवी, पार्सलचा खोका, पाण्याची बाटली, तेही भिंतीवर नाही, झाकणावर भोकाच्या बाजूलाच, जिथं नजर जाते तिथं.

मनीषनगर_सेक्रेटरी
ताई, भारी माहिती. भोक केवढं पाडायचं पण? दोन लिटरची बाटली गेली पाहिजे न पन्नी नाही गेली पाहिजे.

कॅन्टीनवाला_धरमपेठ
दोन लिटरची बाटली साधारण ११ सेंटीमीटर जाड असते, १२-१३ चं भोक पाडा. कचऱ्याची बांधलेली पन्नी त्यात सहजी जात नाही, कोंबावी लागते, आणि लिफ्टजवळ चार लोकांसमोर कोंबायला जरा लाज वाटते. नवीन डबे घेऊच नका, आहे त्याच झाकणाला एखादा फॅब्रिकेशनवाला ड्रिलला गोल कटर लावून कापून देईल, कडा मात्र घासून घ्या, हात कापतो. झाकणाला छोटं कुलूप नाहीतर कडी लावा, नाहीतर लोक झाकणच उचलतात, मग सगळं मुसळ केरात. पाच लिटरचे तेलाचे डबे आणि मोठे खोके भोकात जाणार नाहीत, ते चपटे करून बाजूला उभे ठेवायला भिंतीला एक रॅक ठोका.

इतवारीकर
अन् खर्र्याची पन्नी? ते तं कोणत्याही भोकातून जाते.

फॅसिलिटीवाली
@इतवारीकर हो जी, तिला भोकाचा उपाय नाही. खर्रा खाणारा जिथं उभा राहतो, चौकीदाराच्या खुर्चीपाशी किंवा गाड्यांजवळ, तिथंच एक छोटा पत्र्याचा डबा टांगा. आत थोडी रेती टाका, थुंकतात पण त्यातच.