इंजिनच्या हेडला चिकटलेलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) कसं काढावं?

बारा-तेरा:
चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. हेड उतरवताना पॅकिंग मधोमध फाटलं. निम्मं ब्लॉकला, निम्मं हेडला, आणि दगडासारखं कडक झालंय. ब्लेडने खरवडताना हेडवर दोन ओरखडे उठले, नख अडकतं. ड्रिलला सँडिंगची चकती लावली तर चालेल का? टायमिंग कव्हरचं कागदी आणि चेंबरचं (खालच्या तेलाच्या टाकीचं) कॉर्कचं पॅकिंगही काढायचंय.

काळंतेल:
चकती अजिबात नको. तिच्यातून सुटणारी पूड तेलाच्या वाटांत गेली की बेअरिंगच्या मऊ थरात रुतून बसते आणि क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) घासत राहते. जुन्या बऱ्याच इंजिनांत बायपास फिल्टर असतो, म्हणजे पंपातलं सगळं तेल गाळलं जातच नाही. शिवाय ॲल्युमिनियममध्ये चकती जिथे जरा जास्त टेकते तिथे खळगा पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण नवीन पॅकिंग तिथूनच फुंकतं.

आधी ॲस्बेस्टॉसचा विचार करा. जुन्या हेड पॅकिंगमध्ये ते असू शकतं आणि नुसतं बघून ओळखता येत नाही. त्यामुळे कोरडं खरवडणं, वायर ब्रश, हवा मारणं तिन्ही बंद. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून फवारा आणि ओलं असतानाच काढा. पी १०० फिल्टरचा मास्क हवा, कापडी नव्हे. निघालेला चुरा ओल्या चिंधीसकट पिशवीत बंद करा. बिडावर पाणी राहिलं तर तासाभरात गंज धरतो, म्हणून काम संपताच पुसून तेलाचा हात फिरवा.

दोन पिस्टन वर आणा, त्यांच्या कडेने ग्रीसची वळी भरा. खाली राहिलेल्या दोन सिलिंडरांत चिंध्या. पाण्याच्या आणि तेलाच्या भोकांत बोळे घाला, किती घातले ते मोजून लिहून ठेवा. मग पॅकिंग रिमूव्हर मारून १० ते १५ मिनिटं थांबा. रिमूव्हरच्या एका थराने नाही सुटलं तर दुसरा थर द्या, जोर लावू नका. रंगावर उडालं तर रंग जातो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

ब्लॉकला स्टीलचा स्क्रेपर चालतो, हेडला प्लास्टिकचा. ब्लेडच वापरायचं असेल तर त्याचे दोन्ही कोपरे तेलाच्या दगडावर गोल करून घ्या. ओरखडा धारेने पडत नाही, कोपऱ्याने पडतो. पातं जवळजवळ आडवं धरा.

फिलरगेज:
वरच्यात एक दुरुस्ती. इंजिन वेट लायनरचं (सिलिंडरची नळी सुटी आणि तिला बाहेरून थेट पाणी लागतं असं) असेल तर हेड काढल्यावर क्रँक फिरवू नका. पिस्टनसोबत लायनर वर उचलला जातो, खालचं सील हलतं आणि पाणी चेंबरात उतरतं. फिरवायचंच असेल तर आधी लायनर क्लॅम्पने दाबून घ्या.

ओरखड्यांचं म्हणाल तर ते कुठून कुठे जातात ते बघा. सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकाकडे जाणारा, नखाला लागणारा ओरखडा म्हणजे गळतीची वाट. हेड फेसिंगला (मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला) द्या. बाहेरच्या कडेला असेल तर सहसा त्रास देत नाही. तसंही सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून बघाच. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर तीच खरी. नसेल तर पट्टीखाली फीलर गेजची ०.०५ मिमीची पाती कुठेही सरकता कामा नये, असं धरून चला.

बोल्टच्या बंद भोकांत पाणी किंवा रिमूव्हर साचू देऊ नका. भरल्या भोकात बोल्ट आवळला की द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो.

बारा-तेरा:
ड्राय लायनर आहेत. टायमिंग कव्हरच्या कागदाखाली तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर आहे. रिमूव्हरने हलत नाही.

काळंतेल:
लाखेचा जुना सीलंट दिसतोय. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चिंधी भिजवून तासभर वर ठेवा, मऊ पडेल. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हीट गन आसपास नको.

फिलरगेज:
कागदी पॅकिंग फेकण्याआधी जिथे बोल्टने दाबलेलं नाही तिथे मायक्रोमीटरने जाडी मोजा. ऑइल पंपाच्या कव्हरखाली कागद असेल तर गिअरची फट त्याच जाडीवर ठरते. फ्युएल पंपाखालच्या पॅकिंगवर त्याच्या दांडीचा स्ट्रोक अवलंबून असतो.

कॉर्क सोपं आहे, हाताने तुकडे पडतील. चेंबर पत्र्याचा असेल तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर ओढला गेलाय का ते बघा. जास्त आवळल्याने तसं होतं. खाली लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलकेच सपाट करा, नाहीतर नवीन कॉर्कही तिथेच चिरडेल आणि गळेल.