क्यूबा १९६२ : अणुयुद्ध धाकाने टळले की वाटाघाटींनी?

राज्यशास्त्र_शिक्षिका यांचा प्रश्न :

नमस्कार. अकरावी-बारावीच्या वर्गांना शीतयुद्ध शिकवताना ऑक्टोबर १९६२ चा क्यूबा पेचप्रसंग आला की दरवर्षी एकच अडचण उभी राहते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाची नाविक नाकेबंदी केली, ते ठाम राहिले आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी तेथे ठेवलेली अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे मागे घेतली, अशीच गोष्ट मुलांच्या कानावर आलेली असते. त्यावरून समोरच्याला पुरेसा दम दिला की तो नमतोच, असा निष्कर्ष ती काढतात. दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रे असताना हा धडा फार घातक आहे असे मला मनापासून वाटते. त्या तेरा दिवसांत वाटाघाटींनी नेमके काय साधले, आणि जे साधले ते पुढे टिकले का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

मध्यस्थ :

पेच सुटला तो २७ ऑक्टोबरच्या रात्री, वॉशिंग्टनमधील न्याय खात्याच्या इमारतीत. अध्यक्षांचे बंधू आणि अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना आपल्या कार्यालयात बोलावून घेतले. क्यूबातील क्षेपणास्त्रे काढली तर अमेरिका क्यूबावर आक्रमण न करण्याचे जाहीर वचन देईल, आणि तुर्कस्तानात ठेवलेली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रेही चार-पाच महिन्यांत हलवली जातील, मात्र या दुसऱ्या भागाची वाच्यता कोठेही होता कामा नये, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढण्याचे मान्य केले आणि एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटरही तुर्कस्तानातून गेली. अमेरिकेत ही गोष्ट अध्यक्षांच्या मोजक्या सल्लागारांनाच ठाऊक होती. उपाध्यक्ष जॉन्सन यांनासुद्धा ती सांगितलेली नव्हती. जवळपास पाव शतक ती दडून राहिली आणि जगाला फक्त नाकेबंदी दिसली. आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेली धाकाची गोष्ट या गुप्ततेतूनच तयार झाली आहे. माझ्या मते त्या तडजोडीची ही सर्वांत मोठी किंमत होती, कारण पुढच्या पिढ्यांतील राज्यकर्तेही हीच अर्धी गोष्ट शिकले.

त्याच दिवशी दुपारी व्हाइट हाउसमधील बैठकीत जे घडले ते वर्गात जरूर सांगावे. ख्रुश्चेव्ह यांची दोन पत्रे आली होती. २६ तारखेच्या पत्रात फक्त आक्रमण न करण्याच्या वचनाची अपेक्षा होती, तर २७ तारखेच्या, रेडिओवरून जाहीर झालेल्या पत्रात तुर्कस्तानची अट घातली होती. अट जगजाहीर झाल्यावर ख्रुश्चेव्ह मागे कसे येतील, अशी शंका केनेडींनी बोलून दाखवली. त्यावर काही महिन्यांपूर्वीच मॉस्कोतील राजदूतपदावरून परतलेले लेवेलिन थॉम्पसन यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितले की आपल्याला तसे वाटत नाही. आपण क्यूबा वाचवला, आक्रमण थांबवले, असे स्वतःच्या लोकांना सांगता येणे हेच ख्रुश्चेव्ह यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या खोलीत ख्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखणारा हाच माणूस होता. प्रतिपक्षाला मान राखून मागे सरकता येईल अशी वाट त्याने दाखवली आणि त्या संध्याकाळचे उत्तर पहिल्या पत्राच्या आधारे लिहिले गेले.

सागरवेध :

वरील विवेचन पटते, तरी दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. नाकेबंदीला निव्वळ धाक म्हणून बाजूला सारू नये. सेनाप्रमुख हवाई हल्ल्याचा आग्रह धरत असताना केनेडींनी नाकेबंदीचा पर्याय निवडला आणि त्यामुळेच वाटाघाटींना अवधी मिळाला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच २७ तारखेला क्यूबावर अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक मेजर अँडरसन मारले गेले. समुद्रात अमेरिकी युद्धनौका बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर यायला भाग पाडण्यासाठी सरावाचे पाणसुरुंग टाकत होत्या, पण तिच्यावर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो आहे याची त्यांना कल्पना नव्हती. सहकाऱ्यांच्या आठवणींनुसार, संतापलेल्या कप्तानाला वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने शांत केले. तो क्षण ना वॉशिंग्टनच्या हातात होता, ना मॉस्कोच्या.

दोन राजधान्यांमधला संपर्कही अतिशय संथ होता. २६ तारखेचे पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला सुमारे बारा तास लागले. दोब्रिनिन यांच्या सांकेतिक तारा नेण्यासाठी तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून वकिलातीत येत असे. म्हणून तर २८ तारखेचा निर्णय ख्रुश्चेव्ह यांनी मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावला. यातूनच २० जून १९६३ रोजी जिनिव्हात हॉटलाइनचा, म्हणजे दोन राजधान्यांना थेट जोडणाऱ्या संपर्कवाहिनीचा, करार झाला. तिच्यावर टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लेखी मजकूर पाठवायचा होता, म्हणजे ऐकण्यात चूक होणार नव्हती आणि उत्तरापूर्वी विचार करता येणार होता. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात दोन्ही देशांच्या तत्कालीन नेत्यांनी तिचा प्रत्यक्ष उपयोग केला.

राज्यशास्त्र_शिक्षिका :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिकण्याचा प्रश्न मात्र अजून उरला आहे.

करारनामा :

काही टिकले, बरेच आता मोडले आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील, अवकाशातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि भारताने त्यावर लगेचच सही केली. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी केलेल्या करारानुसार मध्यम व त्याहून कमी पल्ल्याची एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. त्यासाठी रशियातील व्होटकिन्स्क येथील क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकी निरीक्षक आणि युटा राज्यातील मॅग्ना येथील कारखान्याबाहेर सोव्हिएत निरीक्षक वर्षानुवर्षे मुक्कामाला असत, आणि आतून निघणारी मोठी वाहने तपासत. अशा तपासणीमुळे प्रतिपक्षाच्या नुसत्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये १९८७ चा हा करार संपुष्टात आला. अमेरिका आणि रशियाला प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या करारातील सहभाग रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला, आणि त्याची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. संख्येची मर्यादा जाण्यापेक्षा निरीक्षकांची ये-जा थांबणे मला अधिक चिंताजनक वाटते. आपल्याकडे भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरही हा रिवाज मोडलेला नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

वर्गासाठी एक सूचना करतो. ख्रुश्चेव्ह यांची २६ आणि २७ ऑक्टोबरची पत्रे मराठीत आणून मुलांसमोर ठेवावीत, केनेडींच्या वतीने उत्तर लिहायला सांगावे आणि त्यानंतरच केनेडींचे मूळ उत्तर वाचून दाखवावे.