जुन्या तबकड्यांची खरखर कशी घालवावी?

प्रश्न (अमळनेर): आजोबांच्या संग्रहातील नाट्यसंगीताच्या तबकड्या माळ्यावरून काढल्या आहेत. काही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, काही लाँग प्ले (हळू फिरून जास्त वेळ वाजणाऱ्या). सुरांआधी खरखरच कानावर येते. स्पिरिटने पुसाव्यात का?

उत्तर (जळगाव): भाऊ, ७८च्या तबकड्यांना स्पिरिट मुळीच लावू नका. त्या बहुधा लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; कापडावर काळा डाग उमटला, की गाणेच पुसले जात आहे असे समजा. लाँग प्ले विनाइल या प्लास्टिकची असते. ती आधी मऊ ब्रशने कोरडी झाडावी, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, मधल्या कागदी लेबलला ओल लागू न देता, खाचांच्या दिशेने गोल पुसावी आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून टाकावा. बोअरचे पाणी नको. वाळल्यावर त्यातील क्षार खाचांतच राहतात.

उत्तर (धुळे): सुईही तपासावी. ७८ची खाच रुंद असल्याने लाँग प्लेची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि स्वच्छ तबकडीही खरखरते. शिवाय आपल्या खानदेशातील मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या वाकतात. त्या खालच्या खोलीत, उभ्याच ठेवाव्यात.