इंग्रजी 'थिंक', 'माइंड', 'वंडर' यांना रोमेनियनमध्ये काय म्हणावे?

शाहूपुरीचा वर्ग

सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापुरातून कामासाठी रोमेनियाला जाणाऱ्या मुलांचा एक छोटा वर्ग आम्ही शाहूपुरीत चालवतो. बहुतेकांनी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम केलेले आहे. वेल्डिंग, मोल्डिंग, सीएनसी ही कामे त्यांना उत्तम येतात, पण रोमेनियन मात्र अगदी मुळापासून शिकायची आहे. त्यांच्यासाठी रोजच्या बोलण्यातील वाक्यांची एक पुस्तिका मी तयार करतो आहे. मूळ वाक्ये इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकातून घेतली असून त्यांच्यासमोर रोमेनियन वाक्ये लिहायची, असा बेत आहे.

अवजारे, पगार, बसथांबा, जेवण यांविषयीच्या वाक्यांना फारशी अडचण आली नाही. गाडी अडली आहे ती विचार करण्याविषयीच्या साध्या शब्दांपाशी. 'थिंक' या शब्दासमोर शब्दकोशात 'अ गिन्दि' आणि 'अ क्रेदे' अशी दोन क्रियापदे मिळतात. पहिल्याचा अर्थ विचार करणे आणि दुसऱ्याचा विश्वास ठेवणे असा दिलेला आहे. मग 'मला वाटते तो घरी आहे' एवढेच सांगायचे असेल, तर विश्वास ठेवण्याइतके जड क्रियापद वापरायचे का? 'माइंड'चा घोळ याहून मोठा आहे, कारण 'मिन्ते' हा शब्द कोशात सापडला तरी 'डू यू माइंड' या प्रश्नात मनाचा काही संबंधच दिसत नाही. 'गेस', 'वंडर' आणि 'रिअलाइझ' हे शब्दही असेच अडून बसले आहेत.

रोमेनियन शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी 'ऽ' असेल तेथे 'अ' पूर्ण उच्चारावा. 'गिन्द' यातील इकार प्रत्यक्षात इ आणि उ यांच्या मधला आहे, पण त्यासाठी आपल्याकडे वेगळे चिन्ह नाही.

क्लुजनिवासी

माझे बालपण मंगळवार पेठेत गेले आणि गेली काही वर्षे मी रोमेनियातील क्लुज येथे राहतो. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, अडचण रोमेनियनमध्ये नसून मधल्या इंग्रजीत आहे. इंग्रजी वाक्य आधी आपल्या मराठीत म्हणून पाहावे आणि मगच रोमेनियनकडे वळावे. इंग्रजीने 'थिंक' या एकाच शब्दात जे कोंबले आहे, ते मराठीने 'वाटणे' आणि 'विचार करणे' असे वेगळे ठेवले आहे, आणि रोमेनियननेही जवळजवळ त्याच रेषेवर वेगळे ठेवले आहे.

'मला वाटते तो घरी आहे' हे 'क्रेद कऽ ये अकासऽ' असे होते. कोशात 'अ क्रेदे'चा अर्थ विश्वास ठेवणे असा असला, तरी रोजच्या बोलण्यात हे क्रियापद आपल्या 'वाटते' इतके हलके आहे आणि त्याला बिचकण्याचे कारण नाही. 'तुला काय वाटते?' म्हणजे 'चे क्रेझ?' आणि 'मला नाही वाटत' म्हणजे नुसते 'नु क्रेद'. याउलट 'मी विचार करतो आहे' म्हणायचे असेल, तेव्हा 'मऽ गिन्देस्क' असे म्हणतात. 'कसला विचार करतोस?' हे 'ला चे ते गिन्देश्त?' असे विचारतात. भूतकाळात हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'मला वाटले तू येणार' याला 'क्रेद्याम कऽ वी' म्हणतात, तर 'मी यायचा विचार केला' याला 'माम गिन्दित सऽ विन' म्हणतात. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'थॉट' येतो आणि तेथेच मुलांची गफलत होते.

खात्री आणखी कमी असेल, तर 'मि से पारे कऽ' असे म्हणतात. याची मराठीशी असलेली जवळीक पाहून मला आजही गंमत वाटते. 'पारे' म्हणजे भासते, दिसते. 'मि' म्हणजे मला. कर्ता बाजूला उभा राहतो आणि अनुभव त्याच्याकडे चालून येतो, ही रचना इंग्रजीतून शिकणाऱ्याला पाठ करावी लागते, पण मराठी माणसाला ती जन्मजात येते. 'इम् प्लाचे' म्हणजे मला आवडते, 'म्ये फ्वामे' म्हणजे मला भूक लागली आहे, 'म्ये फ्रिकऽ' म्हणजे मला भीती वाटते आणि 'म्ये रुशिने' म्हणजे मला लाज वाटते. 'सॉरी' म्हणण्यासाठी तेथे 'इम् पारे रऽउ' असे म्हणतात, ते तर अक्षरशः 'मला वाईट वाटते' असेच आहे. 'माझ्या मनात आले' याला 'म्या वेनित इन मिन्ते' आणि 'मला एक कल्पना सुचली' याला 'म्या वेनित ओ इदेये' म्हणतात. म्हणजे मनात येणे आणि कल्पना येणे, दोन्हींत येणेच आहे.

आपण वाक्याच्या शेवटी जो 'वाटतं' लावतो, उदाहरणार्थ 'पाऊस येणार वाटतं', त्यासाठी रोमेनियनमध्ये 'पार्कऽ' हा शब्द आहे. तो 'पारे कऽ' यातूनच झाला आहे, फक्त तो वाक्याच्या आरंभी येतो. 'तो उद्या येतो म्हणाला वाटतं' हे 'पार्कऽ आ झिस कऽ विने मिइने' असे होईल. इंग्रजी 'गेस'साठी बहुतेक वेळा 'क्रेद' किंवा 'पार्कऽ' पुरेसे होते. 'अ गिचि' हे क्रियापद कोडे ओळखण्यासाठी ठेवावे. कोड्यालाच तेथे 'गिचित्वारे' म्हणतात, आणि भविष्य सांगणारी बाईही 'गिचित्वारे'च.

'वंडर'विषयी दोन गोष्टी सांगतो. मनाशी प्रश्न पडला असेल तर 'मऽ इन्त्रेब' असे म्हणतात, म्हणजे मी स्वतःला विचारतो. पण त्याहून सहज असा 'वारे' हा छोटा शब्द आहे आणि तो आपल्या 'बरे'ची जागा घेतो. 'वारे उन्दे ये?' म्हणजे कुठे असेल बरे? दुसरी गोष्ट शिष्टाचाराची आहे. 'आय वंडर इफ यू कुड हेल्प मी' यात इंग्रजाला कसलेही नवल वाटलेले नसते, तो केवळ नम्रपणे मदत मागत असतो. तेथे सरळ 'आत्स पुत्या सऽ मऽ अजुतात्स?' म्हणजे 'आपण मला मदत करू शकाल का?' असे विचारावे.

व्याकरणप्रेमी

क्लुजनिवासी यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र त्याला मर्यादा घातली नाही तर मुले फसतील. मराठीत 'मला' आले म्हणजे रोमेनियनमध्येही ते येईलच असे नाही. 'मला माहीत आहे' याला 'श्तिउ' आणि 'मला समजले' याला 'आम इन्त्सेलेस' म्हणतात. दोन्ही ठिकाणी 'मी' हाच कर्ता आहे.

आठवण्याची क्रियापदे तर अधिक फसवी आहेत. 'इम् प्लाचे' आणि 'इम् अमिन्तेस्क', म्हणजे मला आवडते आणि मला आठवते, ही दोन्ही रूपे वरवर सारखी दिसतात. पहिल्यात क्रियापद तृतीय पुरुषी आहे, कारण आवडणारी वस्तू हा तेथे कर्ता आहे. दुसऱ्यात क्रियापद प्रथम पुरुषी असून 'इम्' हे आत्मवाचक आहे, म्हणजे 'मी स्वतःला आठवण देतो' अशी ती बांधणी आहे. उदाहरण स्वतःचे असते तोवर हा भेद लपून राहतो. दुसऱ्याविषयी बोलू लागताच तो उघडा पडतो. 'तिला आवडते' हे 'इय् प्लाचे' आहे, पण 'तिला आठवते' हे 'इश् अमिन्तेश्ते' आहे. 'लक्षात येणे' या अर्थाचे क्रियापदही याच दुसऱ्या जातीचे आहे: 'माझ्या लक्षात आले' म्हणजे 'म्याम दात स्यामा' आणि 'त्याच्या लक्षात आले' म्हणजे 'शा दात स्यामा'. 'रिअलाइझ'साठी हेच वापरावे. 'अ रेआलिझा' असे क्रियापद रोमेनियनमध्ये आहे, पण त्याचा रूढ अर्थ साध्य करणे, घडवून आणणे असा आहे. लक्षात येणे या अर्थी ते अलीकडे ऐकू येते खरे, तरी काटेकोर लिहिणारे त्याला नाके मुरडतात.

आठवणीचे आणखी दोन प्रकार आपल्यासारखेच आहेत. 'अ त्सिने मिन्ते' म्हणजे मनात धरून ठेवणे, अर्थात लक्षात ठेवणे. आणि 'अ-शि अदुचे अमिन्ते' म्हणजे मनाकडे आणणे, अर्थात आठवणे. विसरण्याला 'अ उइता' असे क्रियापद आहे, पण त्याला आत्मवाचक सर्वनाम जोडले की अर्थ पार बदलतो. 'उइत' म्हणजे मी विसरतो आणि 'मऽ उइत' म्हणजे मी पाहतो. ही जोडी पुस्तिकेत ठळक छापावी, असे मी सुचवेन.

'माइंड'साठी एकच शब्द शोधू नये. बुद्धी आणि स्मरण या अंगाने 'मिन्ते', जे लॅटिनमधून आले आहे. मनात चाललेला विचार म्हणजे 'गिन्द', आणि हा शब्द हंगेरियन 'गोंद' यावरून आला असून तेथे त्याचा अर्थ काळजी असा आहे. चिंता आणि चिंतन या शब्दांची एकच कूळकथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात काही परके वाटणार नाही. 'आ कझुत पे गिन्दुर' म्हणजे शब्दशः 'तो विचारांवर पडला', आपल्या भाषेत 'विचारात पडला'. बेत बदलला, मन फिरले या अर्थी मात्र 'माम रझगिन्दित' असे एकाच क्रियापदात म्हणतात. तेथे मन हा वेगळा शब्द घेऊ नये. आणि 'कु मिन्ते', म्हणजे मनासह किंवा बुद्धीसह, हे जोडून झालेला 'कुमिन्ते' हा शब्द लहान मुलांना उद्देशून 'शहाण्यासारखा वाग' म्हणताना ऐकू येतो. आपला 'शहाणा'ही बुद्धिमान आणि गुणी अशा दोन्ही अर्थांनी चालतोच की.

जुने शब्दकोश वापरत असाल, तर एक सूचना देतो. 'गिन्द'मधील त्या मधल्या स्वरासाठी रोमेनियन लिपीत दोन अक्षरे आहेत, आणि 1993 मध्ये रोमेनियन अकादमीने शब्दाच्या मध्यभागी टोपीवाला 'अ' लिहिण्याचा नियम पुन्हा लागू केला. त्याआधीच्या कोशांत हाच शब्द टोपीवाल्या 'इ'ने लिहिलेला सापडेल. शब्द एकच आहे.

कागलकर

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण वेल्डिंगच्या मुलाला पहिल्या महिन्यात 'पार्कऽ' आणि 'वारे' कशाला हवेत, हा प्रश्न मी विचारणारच. माझा चुलतभाऊ तेथे काम करतो. 'क्रेद', 'नु क्रेद', 'श्तिउ', 'नु श्तिउ' आणि 'नु आम इन्त्सेलेस' एवढ्यावर त्याने कारखान्यात बराच काळ काढला. त्यातही 'मला समजले नाही' हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण यंत्रापाशी उभे राहून समजल्यासारखी मान हलवणे जिवावर बेतू शकते. पुस्तिकेत ते पहिल्या पानावर असावे.

व्याकरणप्रेमी

कागलकरांचे म्हणणे रास्त आहे आणि क्रम त्याच पद्धतीने लावावा. त्याच पहिल्या पानासाठी आणखी एक धोका सांगून ठेवतो, कारण येथे 'वाटणे' हे क्रियापदच घात करते. 'मला बरे वाटत नाही' याचे शब्दशः भाषांतर करून 'नुम्य पारे बिने' असे म्हणू नये. 'इम् पारे बिने' म्हणजे मला आनंद वाटला, आणि ओळख झाल्यावरही तेच म्हणतात. अंगात ताप असेल तर 'नु मऽ सिम्त बिने' असे म्हणावे. मळमळत असेल किंवा चक्कर येत असेल तर 'म्ये रऽउ' असे म्हणावे. हेच वाक्य 'इम् पारे रऽउ' असे झाले, तर मुकादम दवाखान्यात नेण्याऐवजी 'असू दे, माफ केले' म्हणेल.

शाहूपुरीचा वर्ग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तिकेची रचना आता बदलतो आहे: इंग्रजी स्तंभ शेवटी नेऊन मराठी आणि रोमेनियन वाक्ये शेजारी शेजारी ठेवतो, आणि जेथे 'मला' फसवते तेथे खूण करतो. तीन शंका उरल्या आहेत. 'डू यू माइंड' आणि 'नेव्हर माइंड' यांचे काय करावे? आणि मुलांच्या तोंडी वारंवार येणाऱ्या 'आय मीन' याला काय म्हणावे? तसेच वरिष्ठांशी बोलताना 'चे क्रेझ' चालेल का?

क्लुजनिवासी

वरिष्ठांशी 'चे क्रेझ' म्हणू नये, ते 'तू'चे रूप आहे. आपल्या 'आपण'साठी तेथे 'दुम्न्यावोआस्त्रऽ' हे सर्वनाम असून त्याच्याबरोबर क्रियापद अनेकवचनी येते, म्हणून 'चे क्रेदेत्स?' असे विचारावे. कोल्हापुरी मुलाला सगळ्यांना 'तू' म्हणण्याची सवय असते आणि त्यात आपुलकीच असते, पण तेथील मुकादमाला ती पहिल्या दिवशी कळणार नाही.

'डू यू माइंड' म्हणजे आपले 'हरकत नाही ना?'. त्यासाठी 'वऽ देरांज्याझऽ दाकऽ' असा आरंभ करून पुढे गोष्ट सांगावी. 'आपल्याला त्रास होईल का, जर...' असा त्याचा अर्थ होतो. उत्तरात 'नु' आले म्हणजे परवानगी मिळाली, हे मुलांना आवर्जून सांगावे. 'नेव्हर माइंड'चे दोन भाग करावेत. कोणी क्षमा मागितली असेल तर 'नुय् निमिक', म्हणजे काही नाही, असे म्हणावे. आणि विषय सोडून द्यायचा असेल तर नुसते 'लासऽ' म्हणावे, जे सोडणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे आणि आपल्या 'राहू दे' याच्या जागी नेमके बसते. वरिष्ठांना हेच 'लसात्स' असे म्हणावे.

'आय मीन' सर्वांत सोपे आहे. 'अदिकऽ' म्हणजे 'म्हणजे'. आपल्यासारखेच ते वाक्याच्या आरंभी, मध्ये आणि शब्द सुचेपर्यंत वेळ काढण्यासाठीही चालते, आणि कोणी अर्धवट बोलून थांबले तर 'अदिकऽ?' असे विचारून पुढचे काढूनही घेता येते.