मदत हवी आहे: दुपारी एक वाजला की वायफाय असतं, पण इंटरनेट नसतं

आखाजीची_पाहुणी
नमस्कार मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय, जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळच्या गावी. ऑफिसने महिनाभर घरून काम करायची सोय दिली म्हणून लॅपटॉप सोबतच आणला. भावाने वर्षापूर्वी फायबरचं कनेक्शन घेतलंय, आजवर कधी तक्रार नव्हती म्हणतो. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला.

सकाळी नेट घोड्यासारखं पळतं. दुपारी एक-सव्वाएकला जातं ते थेट संध्याकाळी पाच-साडेपाचला येतं. माझ्या मीटिंगा नेमक्या अडीच ते साडेचार. मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, खाली लिहून येतं ‘इंटरनेट नाही’. मोबाइलचा डेटा लावून बघितला, पण घराच्या भिंती अशा आहेत की एक काडी मिळवायला ओट्यावर जावं लागतं आणि ओट्यावर ४४ अंश.

आतापर्यंत केलेले उपाय: राउटर बंद-चालू (दहादा तरी), लॅपटॉप बंद-चालू, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट. या तिसऱ्या उपायानंतर नेट सकाळीही येईना. कनेक्शनवाल्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी दहा वाजता आला, युझरनेम-पासवर्ड पुन्हा भरून गेला. दुपारी एकला परत जैसे थे. तो परवाही आला, परत सकाळीच, अ‍ॅडाप्टर बदलला, ‘सगळं ओके आहे ताई’ म्हणाला. सकाळी ओकेच असतं हो! आता म्हणतो राउटर जुना झाला, नवीन घ्या.

अप्पांचं निदान वेगळंच आहे. ‘तू आली अन् नेट गेलं.’ कोणी मार्ग सुचवेल का?

शंकासुर
डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. माझं असंच सुटलं होतं.

भरीतवाला
उन्हाचा परिणाम, दुसरं काय. राउटर कुठे ठेवलाय? आमच्या भुसावळला मे महिन्यात माणसं बंद पडतात, राउटरचं काय घेऊन बसलात. मी तर मागच्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर टेबलफॅन लावला होता.

आखाजीची_पाहुणी
राउटर लोखंडी कपाटाच्या वर आहे. वर माळवद आहे, पत्रा नाही, त्यामुळे खोली तशी थंड. पण हात लावला तर डबा गरम लागतो खरा. डीएनएस लॅपटॉपमध्ये बदलून पाहिला, फरक नाही.

तारवाला
मी याच धंद्यात आहे, जळगावला. अ‍ॅडाप्टर, डीएनएस, टाचणी हे सगळं अंधारात दगड मारणं झालं. (टाचणीला तर आता हातच लावू नका. त्याने राउटर बरा होत नाही, आतली सगळी माहिती पुसली जाते आणि आमच्यातल्या कोणाला तरी तेवढ्यासाठी चक्कर पडते.)

आधी एवढंच सांगा. नेट गेलेलं असताना डब्यावर कोणते दिवे कोणत्या रंगात आहेत? ‘पॉन’ (फायबरची जोडणी) आणि ‘एलओएस’ (सिग्नल हरवल्याची खूण) असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल. दुसरं, त्याच वेळी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, म्हणजे राउटरचं स्वतःचं पान, उघडतं का? उघडलं नाही तर डब्याच्या बुडाशी जो पत्ता छापलाय तो टाका. आणि तिसरं, त्याच खांबावरून नेट घेतलेल्या शेजाऱ्यांचं दुपारी चालतं का?

आखाजीची_पाहुणी
आता दीड वाजलाय, बंदच आहे, त्यामुळे ताजी खबर. पॉनचा दिवा विझलेला. एलओएस लाल, लुकलुक करतोय. १९२.१६८.१.१ लगेच उघडलं, डब्यावरचा पासवर्ड चालला. शेजारच्या काकूंच्या नातवाला विचारलं, त्याची क्रिकेटची मॅच निवांत चालू आहे.

तारवाला
बघा, निम्मं कोडं सुटलं. राउटरचं पान उघडतंय म्हणजे तुमच्या लॅपटॉपपासून डब्यापर्यंत रस्ता ठीक. वायफायच्या काड्या तेवढंच सांगतात, त्यापुढचं नाही. लाल एलओएसचा अर्थ बाहेरून येणारा उजेडच डब्यापर्यंत पोचत नाही. फायबरमधून वीज येत नाही, उजेड येतो, डोळ्याला न दिसणारा. शेजाऱ्यांचं चालू आहे म्हणजे गावाकडची मुख्य लाइनही शाबूत. भानगड खांबापासून तुमच्या डब्यापर्यंतच्या तुकड्यात आहे.

भरीतवाले, ऊन्हाचा मुद्दा चूक नाही. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे एप्रिलमध्येच ती हद्द ओलांडते. पण गरमीने डबा बिघडतो तेव्हा तो स्वतःच बंद-चालू होतो, नाहीतर वायफायचं नावच गायब होतं. इथे डबा शुद्धीवर आहे, फक्त उपाशी आहे. तरी कपाटावरून खाली घ्या, लोखंडावर ठेवू नका.

शंकासुर, डीएनएसचं म्हणाल तर विहीर आटली आहे आणि तुम्ही दोर बदलायला सांगताय.

शंकासुर
घेतलं भो. 🙏

तारवाला
ताई, त्या पानावर ‘स्टेटस’मध्ये ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ असं काही सापडेल. त्यात ‘आरएक्स पॉवर’ (डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद) म्हणून एक उणे आकडा असतो. उद्या सकाळी नऊला, बाराला आणि नेट गेल्यावर असा तीनदा लिहून ठेवा. आणि फायबरचं टोक उपसून त्यात डोकावू नका, लेझर असतो.

आखाजीची_पाहुणी
आकडे आले. सकाळी ९ वाजता −२०.८. दुपारी १२ वाजता −२०.९. दुपारी १.२० ला −३१, मग थोड्या वेळाने आकड्याच्या जागी नुसत्या रेघा.

याचा अर्थ काय घ्यायचा? भाऊ म्हणतो १० चाच फरक आहे, एवढ्याने काय होतं.

तारवाला
भावाला सांगा, हा आकडा किलोसारखा मोजायचा नसतो. दर ३ ला उजेड निम्मा होतो. १० चा फरक म्हणजे दहावा हिस्सा उरला. आपल्याकडच्या या डब्यांना साधारण −२७ पर्यंत चालतं, त्याखाली त्यांना काही दिसत नाही. सकाळचा −२०.८ मात्र उत्तम आहे, तेव्हा जोडकाम पक्कं आहे, डबाही चांगला आहे. नवीन राउटर घेऊ नका!

काच उन्हाने अशी वागत नाही. आणि बरोबर एक वाजता तर नाहीच. मला वाटतं फायबर कुठेतरी दाबली किंवा मुडपली जातेय. दुपारी एक वाजता घरात काय बदलतं? दार, खिडकी, खाट, काहीही.

आखाजीची_पाहुणी
काही बदलत नाही. जेवणं होतात, अप्पा आडवे होतात, मी लॅपटॉप घेऊन बसते. बस.

धुळ्याचा_माणूस
मना घर बी आसंच व्हयेल व्हतं. उंदराने फायबर कुरतडली होती. पण उंदीर काही घड्याळ लावून येत नाही म्हणा.

घाटाखालचा
लाइट तर जात नाही ना एकला? आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी हमखास जाते.

आखाजीची_पाहुणी
राउटर इन्व्हर्टरवर आहे, आणि लाइट एकला जात नाही. दुपारभर कूलर चालू असतो ना.

तारवाला
ताई, कूलर कुठे असतो?

आखाजीची_पाहुणी
थांबा.

थांबा थांबा. बघून येते.

आखाजीची_पाहुणी
सापडलं. हसून हसून पोट दुखतंय, आणि थोडी लाजही वाटतेय.

सविस्तर लिहिते. आमचा कूलर चाकांच्या लोखंडी स्टँडवर आहे. दरवर्षी तो माजघराच्या खिडकीला लागतो. यंदा मी पुढच्या खोलीत काम करते म्हणून भावाने ‘ताईले गरम नको व्हायला’ असं म्हणत पुढच्या खिडकीचं गज काढून कूलरचं तोंड तिथे बसवलं. रोज जेवण झालं की तो बाहेरून कूलर ढकलत आणतो आणि खिडकीत गच्च दाबतो, फटीतून झळ येऊ नये म्हणून. संध्याकाळी पाचला ओसरीवर ओढतो, कारण अप्पांची चहाची बैठक तिथे असते.

फायबर त्याच खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून आत येते. बाहेर वळचणीला पांढरी डबी आहे, तिच्यातून निघणारी पिवळी बारीक वायर चौकटीवरून आत. कूलरची पत्र्याची कड बरोबर तिच्यावर येऊन बसते. मी वाकून बघितलं तर वायर पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये घडी घातल्यासारखी दुमडलेली, पिवळं साल एका जागी पांढरं पडलंय.

भावाला म्हटलं, चार बोटं मागे घे. त्याने कूलर मागे ओढला. मी आत डब्याकडे बघत उभी. लाल दिवा विझला, पॉन लुकलुकला, एकदा, दोनदा, मग अर्ध्या मिनिटात हिरवा स्थिर. पुन्हा ढकलायला सांगितलं, लाल. तीन वेळा केलं. आई आतून ओरडली, ‘काय खेळ चालवलाय उन्हाचा?’

भरीतवाला
म्हणजे कूलरनेच! आणि मी टेबलफॅन सुचवत बसलो.

शंकासुर
भाऊ चांगला आहे हो तुमचा. बहिणीला वारा, बहिणीचं नेट बंद.

तारवाला
झकास पकडलंत. भावाला ठिबकची नळी आठवा म्हणा. केळीच्या ओळीत नळीला मोड पडला की पुढची खोडं कोरडी. फरक एवढाच की पाणी मोडापाशी अडतं, फायबरमधला उजेड मोडापाशी बाहेर निसटतो. साध्या फायबरला तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही. हल्लीच्या वळण सोसणाऱ्या जाती एक सेंटीमीटरपर्यंत चालतात. पण पत्र्याखाली चेपून सरळ घडी घातली तर कोणतीच नाही.

आता एक काम करा. कूलर लांब असताना पुन्हा आकडा बघा.

आखाजीची_पाहुणी
−२३.७. सकाळी २०.८ होता. नेट चालतंय, पण आकडा घसरलाय. आम्ही तीनदा खेळलो त्याने?

तारवाला
त्यानेच. काचेला आत तडा गेला असावा. आज चालेल, पण पाऊस सुरू होईस्तोवर टिकेल याची हमी मी देणार नाही. तेवढी पिवळी वायर बदलून घ्या, तिला पॅचकॉर्ड म्हणतात, महाग नसते. टोकाच्या प्लगचा रंग मात्र जपा. तुमच्या डब्यात हिरवा असेल तर हिरवाच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नाही. रंग बदलून खुपसला तर बसतो, पण उजेड पुन्हा गळतो. आणि कनेक्शनवाल्या पोराला दुपारी दीडला बोलवा, कूलर लावून दाखवा, म्हणजे राउटर विकणं थांबेल.

आखाजीची_पाहुणी
बोलावलं. तो आधी म्हणाला, दुपारी कोण येतं ताई. मग सांजोऱ्या अन् आमरस आहे म्हटल्यावर आला. वायर बदलली, हिरवी टोकं, आकडा −२०.५. भावाने खिडकीऐवजी भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून वायर आत घेतली. दीड फुटाची मातीची भिंत, भोक पाडायला तास गेला आणि घरभर धूळ.

आता दुसरा प्रश्न, नवीन धागा काढत नाही. माजघरात वायफायच्या काड्या दोन, तेही कधी कधी. तिथेच भिंतीला लागून गव्हाच्या पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत, भरलेल्या. यंदाचा गहू नुकताच भरलाय.

तारवाला
मातीची दीड फुटी भिंत आणि पुढे गव्हाने भरलेला पत्रा! तिथे ५ गिगाहर्ट्झवाल्या वायफायने हात टेकले असतील. राउटरच्या पानावर २.४ आणि ५ ची नावं वेगवेगळी करा, माजघरात २.४ ला जोडा, वेग कमी पण भिंत पार करतं. चॅनल ‘ऑटो’ असेल तर १, ६, ११ यांपैकी एक ठरवून द्या, शेजाऱ्यांच्या वायफायशी कमी भांडण होतं. तरी कोठ्या हलणार नसतील तर खरा उपाय म्हणजे साधी लॅन वायर ओढणं.

आखाजीची_पाहुणी
कोठ्या हलणार नाहीत, आईने आधीच सांगून ठेवलंय. वायरच ओढू.

कूलर मात्र परत माजघराच्या खिडकीला गेला. अप्पांनी भावाला सांगितलं, हिचं नेट महत्त्वाचं. त्यामुळे सध्याची परिस्थिती अशी: नेट जोरात, वारा सगळा कोठ्यांना लागतो, आणि मी पुढच्या खोलीत घामाघूम होऊन कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करतेय. लांब पल्ल्याच्या लॅन वायरीबरोबर जमलं तर मीच माजघरात जाते. वीस मीटर पुरेल का हो?

तारवाला
पुरेल. फक्त कूलरच्या चाकाखालून नेऊ नका.