निवृत्त गाड्यांपैकी जपायच्या कोणत्या आणि मोडीत काढायच्या कोणत्या?

फलाटदादा: ‘जुना रूळ’ यांनी वर लिहिले आहे की विक्रमी आणि देखण्या गाड्याच जपाव्यात व उरलेल्या बिनदिक्कत मोडीत काढाव्यात. हे वाचून गप्प बसवले नाही. या न्यायाने १९६४ साली सुरू झालेली जपानची वेगवान शिंकानसेन वाचते (ब्रिटनमधील यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात तिचा एक डबा आहेच), पण ब्रिटनची पेसर वाचत नाही. बसचे सुटे भाग वापरून बांधलेली, चार चाकांवर हिंदकळणारी आणि वळणावर किंचाळणारी ही गाडी प्रवाशांना नकोशी होती, हे मान्य. परंतु हाती पैसा नसताना आडबाजूचे मार्ग चालू ठेवायला एखादा देश काय काय चालवून घेतो, याचा इतका चोख पुरावा दुसरा कोणता? राजेरजवाड्यांचे डबे कौतुकाने मांडले जातात. रोज कामावर जाणारा माणूस ज्या बाकावर अवघडून बसला, तो बाक शोधावा लागतो.

जुना रूळ: भावना पोहोचल्या, पण प्रश्न छपराचा आहे. मी एका संग्रहालयात हौसेने मदत करतो. तेथे ‘सामान्यांचा वारसा’ म्हणून घेतलेला एक डबा उघड्यावर उभा आहे. खिडकीच्या रबराखालून पाणी मुरते आणि रंगाचा फुगा बोटाने दाबला, तर आत पत्राच नसतो. असल्या जतनापेक्षा तो वेळीच तोडला असता तर बरे झाले असते.

लोहभुगा: जतन आणि मोड यांच्यामध्ये पुनर्वापर नावाची गोष्ट असते, याचा दोघांनाही विसर पडलेला दिसतो. तोक्योच्या भुयारी रेल्वेचे ७२ डबे २००० साली जकार्ताला गेले आणि पुढे वर्षानुवर्षे धावले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे साध्या पोलादाचे ‘रेडबर्ड’ डबे २००१ पासून अमेरिकेतल्याच डेलावेअर राज्याजवळ समुद्रात सोडले, तर त्यांवर शिंपले धरले आणि मासे वस्तीला आले.

फलाटदादा: समुद्रात ढकलण्याला पुनर्वापर म्हणायचे असेल, तर बोलणेच खुंटले. त्या डब्यांत ॲस्बेस्टॉस हे उष्णतारोधक पण घातक तंतुमय खनिज होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. शिवाय पुढे न्यू जर्सीजवळ सोडलेले स्टेनलेस स्टीलचे डबे अपेक्षेपेक्षा फारच लवकर कोसळले.

लोहभुगा: स्टेनलेसचे कोसळले आणि साध्या पोलादाचे टिकले, यावरून एवढेच ठरते की धातू आणि बांधणी पाहून डबा निवडावा. राहिले ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू हवेत उडून श्वासावाटे आत गेले की घात करतात आणि पाण्याखाली ते उडत नाहीत. तोच डबा गॅस कटरने कापताना मात्र धूळ कोणाच्या छातीत जाते? माझे काका डबे तोडण्याच्या कामावर होते. त्यांचा रात्रीचा खोकला मी ऐकला आहे, आपण नाही. तेव्हा मला गाळागाळीचे धडे देऊ नयेत.

जुना रूळ: काकांविषयी ऐकून वाईट वाटले आणि ‘वेळीच तोडला असता’ हे मी फार सहज लिहिले, एवढे कबूल करतो. मात्र ॲस्बेस्टॉस सुरक्षितपणे काढण्याचा खर्च जतनालाही चुकत नाही, त्यामुळे निवड आणखी कठोरच करावी लागेल. असो. फलाटदादांच्या समाधानासाठी एक पेसर छपराखाली ठेवू. एक तर इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेला दिलेलीच आहे. छपराचे पैसे कोण देणार, तेवढे त्यांनी कळवावे.

फलाटदादा: फ्लाइंग स्कॉट्समन या ब्रिटनच्या एका नामांकित वाफेच्या इंजिनासाठी २००४ साली तेवीस लाख पौंड मोजले गेले आणि दुरुस्त होऊन ते रुळांवर यायला २०१६ उजाडले. तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडला होता का, तेवढे आपणही कळवावे.