मदत हवी आहे: २×२ रुबिक क्यूब सोडवणारा प्रोग्रॅम लॅपटॉप ठप्प करतोय

देवगडकर
पायथनमध्ये बीएफएस (एकेक चाल वाढवत सगळ्या स्थिती तपासणारा शोध) लिहिलाय. रंग भरले की सुरू होतो, मग रॅम भरते आणि सगळं ठप्प. शनिवारी शाळेच्या प्रदर्शनात मांडायचाय. लवकर सांगा.

खाडीपलीकडे
रॅम किती? स्थिती कशी साठवता? किती बाजू फिरवता?

हापूसप्रेमी
पायथन सोडा, सी++ घ्या.

देवगडकर
८ जीबी. २४ रंगांचं टपल (न बदलणारी यादी). बाजू सहाच असतात ना!

खाडीपलीकडे
तिथेच घोळ आहे. मागचा-खालचा-डावा कोपरा स्थिर धरा; फक्त उजवी, वरची, पुढची बाजू फिरवा. प्रत्येकीच्या ३ (पाव फेरा सुलट, उलट आणि अर्धा फेरा), एकूण ९ चाली. स्थिती उरतात ३६,७४,१६०. सहाही फिरवल्यात तर तोच क्यूब २४ अंगांनी मोजला जातो, म्हणजे ८,८१,७९,८४०. त्यापुढे सी++ काय करणार? मात्र सुटलेल्या क्यूबचे रंग त्या स्थिर कोपऱ्यावरूनच ठरवा.

सागरलाट
दोन्ही टोकांनी शोधा, विस्कटलेल्या आणि सुटलेल्या क्यूबकडून. अर्धा फेरा एक चाल धरला तर ११ च्या वर लागत नाहीत. एकीकडून ६, दुसरीकडून ५.

गणपतीपुळे_एक्सप्रेस
हर्बर्ट कोसिएम्बा यांची क्यूब सोडवायची दोन टप्प्यांची पद्धत बघा. ३×३ ला २० चाली पुरतात, हे २०१० सालीच सिद्ध झालंय.

सागरलाट
अहो, विचारलंय २×२ चं.

देवगडकर
तीन बाजू केल्या. रॅम पुरली, पण तपासायच्या स्थितींची रांग रिकामी झाली तरी उत्तर नाही!

खाडीपलीकडे
क्यूब उघडला होता का?

देवगडकर
हो, आत वाळू गेलेली. धुऊन परत बसवला.

मालवणी_खाजा
उघडलास ना? मग तेव्हाच रंग जुळवून बसवचो होतो!

खाडीपलीकडे
हे आधी सांगायचं ना राव. कसाही बसवला तर तीनात एकदाच सुटण्याजोगा बसतो. कोपऱ्याचा पांढरा किंवा पिवळा रंग वर-खाली असेल तर ०, घड्याळाच्या दिशेने पिळलेला असेल तर १, उलट असेल तर २. आठांची बेरीज ३ ने भागली गेली पाहिजे. बाकी १ उरली तर कुठलाही एक कोपरा घड्याळाच्या उलट पिळा, २ उरली तर सुलट. ही तपासणी प्रोग्रॅममध्ये शोधाच्या आधीच घाला, प्रदर्शनात पोरं कोपरे पिळणारच.

देवगडकर
बेरीज ७ आली. एक उलट पिळला, ९ चालींत सुटला. आभार! पण फिरवताना अजून करकरतोय.

हापूसप्रेमी
सिलिकॉन तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, धूळ धरतं.